विश्लेषण : हाड जुळले की विरघळून जाणारी प्लेट! चेहऱ्याच्या दुखापतीत सिंदेवाहीच्या रुग्णांना तिचा उपयोग काय?

मोहफुले आणि तेंदूपत्ता हा चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांना रोख पैसा देणारा हंगाम. वन्यप्राण्यांशी गाठ पडण्याचाही हाच काळ. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील मेंढामाल येथील तीन महिलांचा तेंदूपत्ता तोडताना वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मृत्यूची बातमी होते. मात्र अस्वलाच्या हल्ल्यातून किंवा दुचाकीच्या अपघातातून वाचलेला, पण जबडा, गालाचे हाड किंवा डोळ्याखालचे हाड मोडलेला माणूस पुढे कसा जेवतो, कसा बोलतो, याची चर्चा फारशी होत नाही. अशा मोडलेल्या हाडांना आधार देऊन काम संपताच शरीरात विरघळून जाणाऱ्या साहित्यावर जगभर संशोधन सुरू आहे. पुण्यातही रेशमापासून हाडासाठीचे साहित्य तयार करण्याचे काम झाले आहे. हे साहित्य नेमके काय, ते किती भरवशाचे आणि जंगलपट्ट्यातील रुग्णाला त्याचा फायदा कितपत, याविषयी...

चेहऱ्याला अशा दुखापती होतात कशा?

अस्वल माणसाला खाण्यासाठी मारत नाही. त्याची नजर अधू असते. मोहाच्या झाडाखाली फुले खाण्यात ते गुंतलेले असते आणि पहाटेच्या अंधारात फुले वेचायला आलेला माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते घाबरून अंगावर येते. अनेकदा मागच्या पायांवर उभे राहून ते डोके आणि चेहऱ्यावर पंजे मारते. वारुळे फोडण्यासाठी वापरली जाणारी लांब नखे आणि मजबूत जबडा यांचा मार थेट नाक, गाल, डोळे आणि जबड्यावर बसतो.

छत्तीसगढ वेगळे होण्यापूर्वीच्या मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या काळातील अस्वलांच्या हल्ल्यांचा अभ्यास झाला होता. त्यात ७३५ जणांवर हल्ले झाल्याची आणि ४८ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. म्हणजे दहापैकी नऊहून अधिक जण वाचले. वाचलेल्यांच्या वाट्याला पुढचे सगळे आयुष्य आले आणि त्यातल्या अनेकांना ते फाटलेल्या, मोडलेल्या चेहऱ्यानिशी काढायचे होते. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अस्वलाने जखमी केलेल्या रुग्णांवर अनेक वर्षे उपचार केले आहेत.

अर्थात, संख्येने पाहिले तर देशात चेहऱ्याची हाडे मोडण्याचे मोठे कारण रस्ते अपघात हेच आहे. हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार, रात्रीचा रस्ता आणि अचानक आडवे आलेले रानडुक्कर किंवा जनावर, हे या भागात नवे नाही. २०२१ मध्ये करोनानंतरच्या ‘म्युकरमायकोसिस’ने आणखी एक प्रकार दाखवून दिला. नागपूरसह विदर्भात अनेक रुग्णांचा वरचा जबडा, काहींचा डोळाही काढावा लागला. तिथे हाड मोडलेले नव्हते, ते गमावले होते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींसाठी लागणारे साहित्य वेगळे असते.

चेहऱ्याचे हाड हातापायाच्या हाडापेक्षा वेगळे का?

मांडीचे हाड शरीराचे वजन पेलते. चेहऱ्यात १४ हाडे असतात आणि त्यातली बरीचशी पातळ असतात. डोळ्याच्या खोबणीचा तळ तर काही ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. तो फुटला की डोळा खाली आणि आत सरकतो, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. गालाचे हाड बसले की चेहरा एका बाजूने चपटा दिसतो, तोंड पूर्ण उघडत नाही. वरचा-खालचा जबडा मोडला की दातांवर दात बसत नाहीत, घास चावता येत नाही.

म्हणजे इथे मिलिमीटरचा हिशेब आहे. हाड जुळले एवढे पुरत नाही, ते मूळच्या जागी जुळले पाहिजे. दुसरीकडे, चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्याने हाड तुलनेने लवकर जुळते. साधारण सहा ते आठ आठवडे ते हलले नाही, तर बहुतेक काम निसर्गच करतो. लहान मुलांत तर याहून कमी काळ पुरतो. त्यामुळे डॉक्टरांना हवा असतो तो काही आठवड्यांचा भक्कम आधार. तो आयुष्यभर राहिलाच पाहिजे असे नाही.

सध्या उपचार कसे होतात?

पूर्वी जबडा मोडला की वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून ठेवत. रुग्णाला चार ते सहा आठवडे तोंड उघडता येत नसे. पेज, वरणाचे पाणी, दूध एवढ्यावर दिवस काढावे लागत. आजही काही रुग्णांत ही पद्धत वापरली जाते. १९७० च्या दशकात फ्रान्समधील शल्यविशारदांनी लहान आकाराच्या धातूच्या प्लेट वापरण्याची पद्धत रूढ केली. पुढे टायटॅनियमच्या छोट्या प्लेट आणि स्क्रू हा जगभरचा प्रमाण उपचार झाला. तोंडाच्या आतून किंवा भुवईजवळ छोटी चीर देऊन हाडाचे तुकडे जुळवायचे आणि त्यावर प्लेट स्क्रूने बसवायची.

टायटॅनियम गंजत नाही, शरीर ते सहज स्वीकारते, ते पातळ असूनही मजबूत असते. अशी प्लेट बसवलेल्या रुग्णाची एमआरआय तपासणीही सहसा करता येते. म्हणूनच बहुसंख्य प्रौढ रुग्णांत आजही तीच वापरली जाते आणि ती आयुष्यभर आत राहिली तरी अनेकांना काही त्रास होत नाही.

मग टायटॅनियमची अडचण काय?

सगळ्यांना नाही, पण काहींना त्रास होतो. कातडी पातळ असलेल्या जागी प्लेट हाताला लागते, थंडीत ठणकते. कधी स्क्रू सैल होतो, कधी जंतुसंसर्ग होतो. मग ती काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. मुलांची कवटी आणि जबडा वाढत असतो. घट्ट बसवलेली धातूची प्लेट वाढीच्या आड येऊ शकते. कवटीत तर हाड बाहेरून वाढत गेल्याने प्लेट आतल्या बाजूला सरकल्याचेही आढळले आहे. त्यामुळे मुलांत हाड जुळल्यावर प्लेट काढून टाकण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

शहरातल्या रुग्णासाठी दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे दोन-तीन दिवसांची रजा. सिंदेवाहीच्या रुग्णासाठी हिशेब वेगळा आहे. चंद्रपूर सत्तरएक किलोमीटर, नागपूर सव्वाशे किलोमीटरहून अधिक. सोबत घरचे एक माणूस हवे, त्याचीही मजुरी बुडते. तारीख धानाच्या रोवणीत आली तर ती हमखास चुकते. काढायची प्लेट मग तशीच राहते आणि त्रास वाढल्यावरच रुग्ण परत येतो. ‘दुसरी शस्त्रक्रिया नको’ या एका मुद्द्याचे मोल जंगलपट्ट्यात म्हणूनच अधिक आहे.

विरघळणारी प्लेट म्हणजे नेमके काय?

शस्त्रक्रियेनंतर ‘आतले टाके आपोआप विरघळतील’ असे डॉक्टर सांगतात, ते अनेकांनी ऐकले असेल. विरघळणारी प्लेट ही त्याच कुळातली. ती पॉलिलॅक्टिक आम्ल, पॉलिग्लायकोलिक आम्ल किंवा दोहोंच्या मिश्रणाच्या बहुवारिकापासून, सोप्या भाषेत खास प्रकारच्या प्लास्टिकपासून बनते. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल साखळीसारखे एकमेकांना जोडले की पॉलिलॅक्टिक आम्ल तयार होते.

शरीरातले पाणी या साखळीच्या कड्या हळूहळू तोडते. साखळी तुटत तुटत शेवटी पुन्हा साधे लॅक्टिक आम्ल उरते. हा पदार्थ शरीराला परका नाही. धावल्यावर आपल्या स्नायूंतही तो तयार होतो. शरीर त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात रूपांतर करते. यालाच जैवशोषणीय साहित्य म्हणतात.

विरघळणे एकदम होत नाही. आधी ताकद कमी होते, मग आकार ढासळतो आणि शेवटी वस्तुमान नाहीसे होते. या दरम्यान भार हळूहळू प्लेटवरून हाडावर जातो. हाडाला काम मिळत राहिल्याने ते भक्कम व्हायला मदत होते, असा यामागचा विचार आहे.

ही कल्पना कधीपासूनची?

चेहरा दुरुस्त करण्याच्या शास्त्राचे मराठी मुलखाशी जुने नाते आहे. इंग्रज फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले होते. पुण्यातील एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तांत छापला आणि त्यातून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कातडी रुग्णाच्याच कपाळावरून घेता आली. हाडाला धरून ठेवणारा आधार मात्र बाहेरून आणावा लागतो आणि तिथेच साहित्याचा शोध सुरू होतो.

१९६६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेसाठी पॉलिलॅक्टिक आम्ल वापरण्याबाबतचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत पहिले नाव आर. के. कुलकर्णी यांचे आहे. १९७१ मध्ये कटराइट आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मोडलेल्या जबड्यावर आणि पुढच्याच वर्षी डोळ्याच्या खोबणीच्या तळावर या साहित्याचा प्रयोग केला. म्हणजे हे साहित्य अगदी सुरुवातीपासून चेहऱ्याच्या हाडांवर आजमावले गेले. युद्धात चेहऱ्याला होणाऱ्या जखमांसाठी लष्कराला ते हवे होते.

१९८७ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे बॉस आणि सहकाऱ्यांनी गालाचे हाड मोडलेल्या १० रुग्णांमध्ये पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लेट आणि स्क्रू वापरल्याचे जाहीर केले. हाडे व्यवस्थित जुळली. प्रयोग यशस्वी झाला, असे वाटले.

मग चूक कुठे झाली?

सुमारे तीन वर्षांनी त्यातील चार रुग्ण परत आले. प्लेट बसवली होती तिथे सूज होती. उरलेल्यांनाही बोलावून तपासले. प्लेट केव्हाच मोडून पडली होती, पण तिचे सूक्ष्म स्फटिक तुकडे ऊतींत तसेच पडून होते आणि शरीर त्यांच्याभोवती प्रतिक्रिया देत होते. पाच वर्षांहून अधिक काळानंतरही अवशेष सापडले. दुसरी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी बसवलेल्या साहित्यामुळेच बहुतेकांवर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली.

या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा धडा ठरला. शुद्ध पॉलिलॅक्टिक आम्लाच्या एका प्रकारातील साखळ्या इतक्या शिस्तीत बसतात की पाणी आत शिरत नाही. तो प्रकार मजबूत असतो, पण विरघळायला फार वेळ घेतो. याउलट पॉलिग्लायकोलिक आम्ल काही आठवड्यांतच ढिले पडते. हाड जुळण्याआधीच आधार सुटला तर तेही धोक्याचे. एक फार उशिरा जाते, दुसरे फार लवकर.

उत्तर मिश्रणात सापडले. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘लॅक्टोसॉर्ब’ या साहित्यात लॅक्टिक आणि ग्लायकोलिक घटकांचे प्रमाण ८२ आणि १८ असे ठेवले गेले. आठ आठवड्यांनंतरही त्याची सुमारे ७० टक्के ताकद शिल्लक राहते आणि साधारण वर्षभरात ते शरीरात शोषले जाते. आठ आठवडे म्हणजे नेमका हाड जुळण्याचा काळ. जैवशोषणीय साहित्याचे सगळे शास्त्र या एका वेळापत्रकाभोवती फिरते. हाडाची घाई आणि साहित्याची घाई जुळली पाहिजे.

विरघळणारी प्लेट टायटॅनियमइतकी भक्कम असते का?

नाही. म्हणून ती अधिक जाड ठेवावी लागते आणि पातळ कातडीखाली सुरुवातीचे काही महिने ती जाणवू शकते. टायटॅनियमची प्लेट पकडीने वाकवता येते. ही प्लेट आधी गरम पाण्यात मऊ करून हाडाच्या आकाराला बसवावी लागते आणि थंड झाली की ती तो आकार धरते. टायटॅनियमचे बरेचसे स्क्रू स्वतःच हाडात आटे पाडत जातात. इथे आधी हाडात वेगळ्या अवजाराने आटे पाडावे लागतात. जोर जास्त झाला तर स्क्रूचे डोके तुटते. शस्त्रक्रियेला वेळ अधिक लागतो.

नेदरलँड्समध्येच २३० रुग्णांवर दोन्ही प्रकारांची तुलना करणारी चाचणी झाली. विरघळणारी प्लेट बसवायचे ठरलेल्या रुग्णांपैकी साधारण पाचात एकाच्या बाबतीत शस्त्रक्रिया सुरू असतानाच डॉक्टरांना टायटॅनियमकडे वळावे लागले. कोक्रेन या जागतिक संशोधन समूहाने २००९ मध्ये उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला, तेव्हा चेहऱ्याच्या अस्थिभंगात विरघळणारी प्लेट टायटॅनियमच्या तोडीची आहे, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा हाती नव्हता.

म्हणून आज तिची जागा मर्यादित आहे. लहान मुले, कवटीची जन्मजात विकृती, गालाचे हाड, डोळ्याच्या खोबणीचा तळ, म्हणजे जिथे भार कमी आहे तिथे ती चांगली चालते. चावण्याचा पूर्ण भार पेलणाऱ्या खालच्या जबड्याचे तुकडे झाले असतील किंवा हाडाचा भागच नाहीसा झाला असेल, तर टायटॅनियमच हवे.

नवे साहित्य कोणते येत आहे?

पहिला मार्ग म्हणजे बहुवारिकात हाडाचाच खनिज घटक मिसळणे. आपल्या हाडातील मुख्य खनिज हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या जवळचे असते. जपानमध्ये त्याची पूड पॉलिलॅक्टिक आम्लात मिसळून प्लेट बनवल्या जातात. त्या अधिक कणखर असतात, एक्स-रेमध्ये दिसतात आणि हाड त्यांना चिकटून वाढते.

दुसरा मार्ग मॅग्नेशियमचा. बेल्जियमचे शल्यविशारद लँबॉट यांनी १९०७ मध्येच मॅग्नेशियमची प्लेट वापरून पाहिली होती. ती काही दिवसांतच विरघळू लागली आणि कातडीखाली वायू साठला. शंभर वर्षांनी मिश्रधातूंच्या तंत्राने हा वेग आटोक्यात आणला. जर्मनीत तयार झालेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. मात्र तो प्रामुख्याने पायाच्या छोट्या हाडांसाठी होता. चेहऱ्यासाठीचे काम अजून संशोधनाच्या टप्प्यावर अधिक आहे.

तिसरा मार्ग गमावलेल्या हाडासाठी आहे. इथे प्लेट पुरत नाही, पोकळी भरणारा सांगाडा लागतो. वेलीला मांडव लागतो तसा नव्या हाडाला छिद्राछिद्रांचा आधार लागतो. त्यात रक्तवाहिन्या शिरतात, पेशी वसतात आणि हाड तयार होत गेले की मांडव नाहीसा होतो. सिंगापूरमध्ये पॉलीकॅप्रोलॅक्टोनची अशी जाळी त्रिमितीय छपाईने तयार करून कवटी आणि डोळ्याच्या खोबणीसाठी वापरली गेली आहे. भारतात तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था हाडाची पोकळी भरणाऱ्या खनिज आणि जैवकाच आधारित साहित्यावर अनेक वर्षे काम करत आहे.

पुण्याच्या रेशमाचा आणि विदर्भाच्या कोशाचा यात काय संबंध?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरणारे सच्छिद्र साहित्य विकसित केले. त्यातूनच ‘सेरीजेन मेडिप्रॉडक्ट्स’ ही नवउद्यमी कंपनी उभी राहिली. रेशमाचा धागा टाके घालण्यासाठी पूर्वापार वापरला जातो, त्यामुळे शरीराशी त्याची ओळख जुनी आहे.

कोश सोड्याच्या पाण्यात उकळून वरचा चिकट सेरिसिन काढून टाकतात. उरलेला धागा लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळवून, क्षार काढून शुद्ध प्रथिन मिळवतात. त्याचा स्पंज, पडदा किंवा घट्ट ठोकळा करता येतो. प्रथिनाची रचना किती घट्ट ठेवायची हे ठरवून ते शरीरात किती काळ टिकेल, हेही बदलता येते. २०१४ मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या चमूने तर रेशमाचे स्क्रू तयार करून ते उंदरांच्या हाडात बसवून दाखवले. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. त्या स्क्रूसाठी हाडात वेगळे आटे पाडावे लागले नाहीत.

हे बहुतेक काम तुतीच्या रेशमावर झाले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात मात्र ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारे टसर रेशीम, म्हणजे कोसा, पिकते. ढिवर समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हे काम करतात. याच कोशापासून विदर्भाची करवती साडी विणली जाते. खरगपूरच्या आयआयटीत प्रा. सुभाष कुंडू आणि सहकाऱ्यांनी टसरच्या फायब्रॉइनवर मोठे काम केले आहे. या प्रथिनात पेशींना पकडून ठेवणारा तीन अमिनो आम्लांचा एक क्रम नैसर्गिकरीत्या असतो. तुतीच्या रेशमात तो नसतो. म्हणजे हाडाच्या पेशींना टसरवर पाय रोवणे अधिक सोपे जाते.

अडचणही आहे. तुतीचा धागा ज्या द्रावणात सहज विरघळतो, त्यात टसरचा विरघळत नाही. त्यामुळे संशोधकांनी अळीच्या रेशीम ग्रंथीतून थेट प्रथिन काढण्याचा मार्ग धरला. उत्पादनासाठी तो सोपा नाही. शिवाय जंगलात, उघड्यावर वाढणाऱ्या अळीचा कोश प्रत्येक वेळी सारखा नसतो, तर वैद्यकीय साहित्याला प्रत्येक खेप तंतोतंत सारखी लागते. म्हणून ‘ऐनाच्या झाडावरचा कोसा उद्या चेहऱ्याचे हाड जोडेल’ असे आज म्हणणे घाईचे ठरेल. पण ज्या जंगलात चेहरे मोडतात, तिथेच या संशोधनाचा कच्चा माल पिकतो, हेही खरे.

सिंदेवाहीच्या रुग्णाला उपचार कुठे आणि कसे मिळतात?

चेहऱ्याची हाडे जोडण्याचे काम मुख व जबडा शल्यविशारद किंवा प्लास्टिक सर्जन करतात. जवळचा मोठा आधार म्हणजे चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्यापुढे नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शासकीय दंत महाविद्यालय, एम्स आणि वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम, सावंगी येथील रुग्णालये. गडचिरोलीतही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र विरघळणाऱ्या प्लेट टायटॅनियमपेक्षा बऱ्याच महाग असतात. त्यामुळे आपल्या शस्त्रक्रियेच्या मंजूर रकमेत कोणते साहित्य बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात राज्य सरकारच्या २०२३ च्या निर्णयानुसार मृत्यू झाल्यास २५ लाख, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि गंभीर जखमी झाल्यास पाच लाख रुपयांचे अर्थसाहाय्य आहे. त्यासाठी वन विभागाला तातडीने कळवणे, पंचनामा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक असते. घाईत कुटुंबीय हे विसरतात आणि नंतर हेलपाटे घालत बसतात.

हल्ला किंवा अपघात झाल्यास आधी काय करावे?

कितीही चांगली प्लेट असली तरी पहिले काही तास तिच्याहून महत्त्वाचे असतात. चेहऱ्याच्या जखमेत मृत्यू येतो तो बहुतेकदा श्वास अडून किंवा रक्तस्राव होऊन. म्हणून तोंडातील रक्त, तुटलेले दात, माती काढावी. रुग्णाला सरळ उताणे न ठेवता, मानेला झटका न देता कुशीवर ठेवावे. स्वच्छ कापड दाबून धरावे. लोंबणारी कातडी कापू नये, कारण चेहरा पुन्हा उभा करताना तिचा प्रत्येक तुकडा कामी येतो. जखमेवर हळद, तंबाखू, माती, पाला लावू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्राण्याने चावा घेतला किंवा ओरबाडले असेल, तर रक्तस्राव आटोक्यात आल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी. अस्वलाच्या चाव्यातूनही रेबीजचा धोका असतो. चेहऱ्यावरील अशी जखम सर्वांत गंभीर गटात मोडते. लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन आहेच.

आणखी एक चूक नेहमी होते. बाहेरची कातडी शिवली, सूज उतरली की रुग्ण घरी जातो. आतले हाड मोडल्याचे कळतच नाही. दोन-तीन आठवड्यांत ते वाकडेच जुळते आणि मग ते पुन्हा मोडून बसवावे लागते. दातावर दात बसत नसेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, गाल बधिर वाटत असेल किंवा तोंड उघडत नसेल, तर सीटी स्कॅन करून घ्यायलाच हवे.

पुढे काय?

येत्या काळात एकच ‘सर्वोत्तम’ साहित्य येईल, अशी शक्यता कमी आहे. जबड्यासाठी टायटॅनियम, मुलांसाठी आणि डोळ्याखालच्या पातळ हाडासाठी विरघळणारी प्लेट, गमावलेल्या हाडासाठी छापलेला सांगाडा, अशी वाटणी अधिक संभवते. देशात तयार झालेले साहित्य स्वस्त पडेल, पण प्रयोगशाळा, प्राण्यांवरील चाचण्या, माणसांवरील चाचण्या आणि औषध नियामकाची मान्यता हा प्रवास काही वर्षांचा असतो. ग्रोनिंगेनचा अनुभव पाहता तो घाईने उरकणे परवडणारे नाही. तिथली सूज तीन वर्षांनी दिसली होती. त्यामुळे बसवलेल्या प्रत्येक रुग्णाची काही वर्षे नोंद ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

जंगलपट्ट्यातील रुग्ण तपासणीसाठी पुन्हा येऊ शकत नाही, म्हणून त्याला विरघळणारे साहित्य हवे. पण ते विरघळताना काही बिघडले का, हे पाहण्यासाठी त्याने पुन्हा यायलाही हवे. हा पेच साहित्याने सुटणारा नाही. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सक, तालुक्याच्या जवळ सीटी स्कॅन आणि चंद्रपुरातच वर्षभर उपलब्ध असलेला जबडा शल्यविशारद लागेल. तोवर रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत : माझ्या हाडासाठी कोणती प्लेट योग्य, ती नंतर काढावी लागेल का आणि तपासणीसाठी मला पुन्हा कधी यावे लागेल?